हुकूमशाहीत साध्या माणसाची जबाबदारी किती? कादंबऱ्या यावर काय म्हणतात?

तुम्ही विचारलंय की हुकूमशाहीत सगळं वरून ठरत असेल तर खालच्या साध्या माणसाला कशाला जबाबदार धरायचं, आणि '१९८४' वाचली पण त्यात याचं उत्तर सापडलं नाही, तर दुसरं काय वाचू. मी काही साहित्याचा प्राध्यापक वगैरे नाही, नोकरी करून वाचणारा माणूस आहे, पण या एका विषयावरच्या कादंबऱ्या मी शोधून शोधून वाचल्यात त्यामुळे थोडं लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' बद्दल. तुमची तक्रार बरोबर आहे. त्यात राज्यव्यवस्था इतकी सर्वशक्तिमान दाखवलीय की नायक विन्स्टनने काहीही केलं तरी शेवट ठरलेलाच, मग जबाबदारी कुठून येणार. पण एक जागा आहे जी लोक घाईत वाचून पुढे जातात. विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया हे दोघं ओब्रायन नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या घरी जातात, त्यांना वाटतं हा भूमिगत संघटनेचा माणूस, आणि तो एकेक विचारत जातो की खून कराल का, देशाशी गद्दारी कराल का, लहान पोराच्या तोंडावर ॲसिड टाकायची वेळ आली तर टाकाल का, आणि विन्स्टन सगळ्याला हो म्हणतो. पुढे तुरुंगात छळ चालू असताना विन्स्टन म्हणतो मी तुमच्यापेक्षा बरा माणूस आहे, तेव्हा ओब्रायन शांतपणे त्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावतो. बस. त्या हो ला कोणी जबरदस्ती केली नव्हती, शेवटी ज्या पिंजऱ्यातल्या उंदरांची भीती घालून विन्स्टनला मोडतात ते उंदीर तोवर आलेच नव्हते.

पण तुमच्या प्रश्नाला खरी भिडणारी कादंबरी माझ्या मते हान्स फालाडाची आहे, इंग्रजीत ती 'एव्हरी मॅन डाइज अलोन' आणि 'अलोन इन बर्लिन' अशा दोन नावांनी मिळते, पुस्तक एकच, दोनदा विकत घेऊ नका. मूळ जर्मन १९४७ ची, इंग्रजीत आली थेट २००९ ला. गोष्ट खऱ्या जोडप्यावर बेतलेली आहे, ओटो आणि एलिझ हाम्पेल, बर्लिनच्या वेडिंग भागातले कामगार वस्तीतले लोक, तो कारखान्यात, ती लोकांच्या घरी कामं केलेली. १९४० मध्ये एलिझचा भाऊ फ्रान्समध्ये लढाईत गेला आणि त्यानंतर हे दोघं साध्या पोस्टकार्डांवर हिटलरविरुद्ध मजकूर लिहून बर्लिनमधल्या इमारतींच्या जिन्यांमध्ये ठेवायला लागले. दोनशेच्या वर कार्डं. १९४२ मध्ये पकडले गेले, ८ एप्रिल १९४३ ला प्लोट्झेनझे तुरुंगात दोघांचा शिरच्छेद झाला.

कादंबरीत ते ओटो आणि आना क्वांगल होतात आणि भावाच्या जागी एकुलता एक मुलगा जातो. ओटो हा फर्निचरच्या कारखान्यातला फोरमन, कंजूष म्हणावा इतका जपून जगणारा, बोलणं नाही, मित्र नाहीत, आपण बरं आपलं काम बरं असा. मुलगा गेल्याची बातमी येते तेव्हा आना दुःखाच्या भरात त्याच्यावर ओरडते की तू आणि तुझा तो हिटलर. हा शब्द त्याला लागतो. कारण त्याने हिटलरसाठी काही केलं नव्हतं हे खरं, पण विरुद्ध तरी काय केलं होतं?

मग तो कार्डांची कल्पना सांगतो आणि आना खट्टू होते, तिला वाटलेलं काहीतरी मोठं करणार, बॉम्ब वगैरे, आणि हा म्हणतोय कार्डं लिहू! त्यावर ओटोचं म्हणणं साधं आहे की लहान असो मोठं असो, पकडले गेलो तर मुंडकं जाणारच, किंमत सारखीच. मग रविवारी टेबलाशी बसून हातमोजे घालून, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून एकेक अक्षर छापल्यासारखं काढत हा माणूस लिहायला लागतो. ज्याने आयुष्यात हिशोबाच्या वहीपलीकडे फार लिहिलेलं नाही त्याला एक कार्ड लिहायला अख्खी दुपार लागते. ते पान मी दोन-तीनदा वाचलं.

आता खरी गंमत (गंमत हा शब्द बरा नाही पण असू दे). गेस्टापोचा, म्हणजे नात्झींच्या गुप्त पोलिसांचा, इन्स्पेक्टर एशरिख शहराच्या नकाशावर जिथे कार्ड सापडलं तिथे छोटं निशाण टोचत जातो, आणि शेवटी ओटो पकडला गेल्यावर त्याला कळतं की आपण लिहिलेली जवळजवळ सगळी कार्डं लोकांनी घाबरून लगेच पोलिसांत नेऊन दिली होती. दोनशे शहात्तर कार्डांतून जेमतेम अठरा-एक बाहेर राहिली असतील. म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी वाचलंच नाही, दोन ओळी बघितल्या आणि हात थरथरायला लागले. त्याहून वाईट म्हणजे या कार्डांपायी माणसं मेली. एनो क्लूगे नावाचा एक आळशी जुगारी, त्याचा काही संबंध नव्हता, पण एशरिखला वरिष्ठांना दाखवायला कोणीतरी हवा होता आणि तो नाहक गेला. चौकशीत आनाच्या तोंडून ट्रुडेल हे नाव निसटतं, तिच्या मेलेल्या मुलाची प्रेयसी, जी आता दुसऱ्याशी लग्न करून सुखात आहे, आणि तिचा संसार उद्ध्वस्त होतो.

म्हणून मला ही कादंबरी इतर 'शूर माणसाची कहाणी' टाइप पुस्तकांपेक्षा वरची वाटते. लेखक ओटोला सोडत नाही. विरोध करणाऱ्यालाही जबाबदारी आहेच, आपल्या शौर्याची किंमत दुसरा कोणीतरी भरतो ती सुद्धा हिशोबात धरायची. शिवाय त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी म्हातारी ज्यू बाई, फ्राउ रोझेन्थाल, एका रात्री क्वांगलांकडे आसरा घेते, आना तिला झोपायला जागा देते, पण ओटोला ती फार दिवस घरात नकोय. मग खालचा निवृत्त न्यायाधीश फ्रॉम तिला नेतो. समोर दारात उभी असलेली बाई नको आणि तोच माणूस पुढे अख्ख्या बर्लिनसाठी जीव धोक्यात घालतो, हे पटायला जड जातं पण माणसं अशीच असतात ना.

आणि एशरिख. त्याला राजकारणाचं काही पडलेलं नाही, तो स्वतःला चांगला शिकारी समजतो, काम चोख करायचं एवढंच. शेवटी त्याच्या लक्षात येतं की ओटोच्या कार्डांनी ज्याला बदललं असा बहुधा तो एकटाच, कारण सगळी कार्डं खरंच कोणी वाचली असतील तर ती त्याने. मग तो स्वतःवर गोळी झाडतो.

पुस्तकाबाहेरची गोष्टही सांगायला हवी. खरे हाम्पेल शेवटी दयेच्या अर्जात एकमेकांवर ढकलायला लागले होते. मृत्यू समोर दिसल्यावर दोन साधी माणसं घाबरली, त्यांना कोण नावं ठेवणार. फालाडाला गेस्टापोची फाइल मिळाली होती, योहानेस बेशर नावाच्या कवीने दिली, तरी कादंबरीतले क्वांगल शेवटपर्यंत ताठ राहतात. आणि त्यावर कडी म्हणजे १९४७ च्या पहिल्या आवृत्तीत प्रकाशनाने आनाचं नात्झी महिला संघटनेत काम करणं वगैरे भाग छाटून टाकला होता, मूळ हस्तलिखिताप्रमाणे जर्मन आवृत्ती आली २०११ मध्ये. मला विचाराल तर आना संघटनेत होती हेच जास्त महत्त्वाचं, कारण आधी ती व्यवस्थेचा भाग होती म्हणूनच तिच्या बदलाला वजन आहे. धुतल्या तांदळासारख्या बाईने कार्डं लिहिली असती तर तुमच्या प्रश्नाचा काय संबंध उरला असता.

फालाडा स्वतः काय होता? खरं नाव रुडोल्फ डिट्झेन. कितीतरी लेखक देश सोडून गेले, हा राहिला. १९३८ मधल्या एका कादंबरीचा शेवट त्याने हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या दबावाखाली बदलला, नायकाला नात्झींकडे वळवलं. म्हणजे हा माणूस वाकलेला होता. दारू, मॉर्फिन, वेड्यांचं इस्पितळ सगळं झालं. युद्ध संपल्यावर १९४६ च्या शरद ऋतूत जेमतेम महिन्याभरात ही जाडजूड कादंबरी लिहून काढली आणि फेब्रुवारी १९४७ मध्ये पुस्तक छापून यायच्या आधीच गेला. न वाकलेल्या जोडप्याबद्दल वाकलेल्या माणसाने लिहिलंय, मला वाटतं त्यामुळेच त्यात उपदेश नाही.

दुसरी वाचाच अशी म्हणजे मिलान कुंदेराची 'द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग'. लोक ती प्रेमकथा म्हणून वाचतात, सिनेमामुळे जास्तच. पण त्यातला प्रागचा सर्जन टोमाश १९६८ मध्ये एका साप्ताहिकाला पत्र लिहितो: कम्युनिस्ट म्हणतात आम्हाला अत्याचार माहीतच नव्हते, आमचं मन स्वच्छ आहे, पण ग्रीक कथेतल्या इडिपसला तरी कुठे माहीत होतं की आपण बापाला मारून आईशी लग्न केलंय, तरी कळल्यावर त्याने डोळे फोडून घेतले. तुमच्या प्रश्नाचं हे थेट उत्तर वाटतं ना? कुंदेरा तिथे थांबत नाही. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात रशियन रणगाडे आल्यावर टोमाशला सांगतात पत्र मागे घेतो असं लिहून दे, नोकरी वाचेल. हॉस्पिटलात दोन प्रकारचे लोक त्याच्याकडे बघून हसतात. ज्यांनी स्वतः असं लिहून दिलंय ते, कारण आता हाही आपल्यातलाच होणार, आणि ज्यांनी दिलेलं नाही ते, कारण यानेही दिलं तर त्यांची स्वतःची किंमत वाढते. दोन्ही हसणी त्याला सहन होत नाहीत आणि तो सही करत नाही. कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला हे पान वाचून घाम फुटेल.

नोकरी जाते, काचा पुसायचं काम करतो. आणि मग विरोधक येतात, राजकीय कैद्यांना सोडा असा अर्ज घेऊन, सोबत त्याचा स्वतःचा मुलगा, आणि टोमाश तिथेही सही करत नाही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडलो होतो. पण त्याचं म्हणणं असं की या अर्जाने कैदी सुटणार नाहीत आणि टेरेझाला, त्याच्या बायकोला, मात्र त्रास होईल. हे शहाणपण की पळवाट, कुंदेरा सांगत नाही, आणि फालाडाचा ओटो याच्या बरोबर उलट वागतो म्हणून ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचा असं मी म्हणेन.

बर्नहार्ड श्लिंकची 'द रीडर' पण बरीच गाजली. त्यातली नात्झी छावणीत कैद्यांवर पहारा देणारी हाना खटल्यात न्यायाधीशालाच विचारते की माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, आणि त्याला धड उत्तर देता येत नाही. तेवढा प्रसंग जबरदस्त आहे. बाकी तिच्या निरक्षरतेचं जे रहस्य केलंय त्याने तिला नको तितकी सहानुभूती मिळते असं माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

सुरुवात फालाडापासून करा. पहिली शंभर पानं इमारतीतली माणसं ओळखण्यात जातात, नावं डोक्यात गोंधळ करतात, एका कागदावर कोण कुठल्या मजल्यावर राहतं ते लिहून ठेवा, पुढे उपयोग होतो. त्यावरचा २०१६ चा सिनेमा ठीक आहे, एमा थॉम्प्सनने काम छान केलंय, पण इमारतीतले निम्मे शेजारी त्यात गायब आहेत, आणि तुमचा प्रश्न तर शेजाऱ्यांबद्दलच आहे.