वेबसाइटवर टाकलेला एमपी४ व्हिडिओ पूर्ण डाउनलोड झाल्याशिवाय सुरूच का होत नाही?

बहुतेक वेळा दोष नेटचा नसतो, फाइलचा असतो. एमपी४मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते, तिला ‘मूव्ह’ म्हणतात. सगळा व्हिडिओ एन्कोड (म्हणजे दाबून फाइलच्या रूपात) झाल्यावरच ती तयार होते, म्हणून बरेच एन्कोडर ती फाइलच्या शेवटी चिकटवतात. मग ब्राउझरला आधी शेपूट गाठावं लागतं. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘कॉपी’ आणि ‘फास्टस्टार्ट’ हे पर्याय देऊन फाइल पुन्हा लिहा. अनुक्रमणिका पुढे येते, दर्जा तसूभरही घटत नाही आणि काम सहसा काही सेकंदांत होतं.

सर्व्हर फाइलचा मागितलेला तुकडा देतो का, तेही बघा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये २०६ (सर्व्हरचा ‘तुकडा दिला’ असा कोड) दिसलं तर ठीक. तिथे २००च (म्हणजे अख्खी फाइल) येत असेल तर आयफोनवर व्हिडिओ अडतो.

ऑटोप्ले हवा असेल तर पानावरच्या व्हिडिओ टॅगला ‘म्यूटेड’ (आवाज बंद) लावाच. क्रोमने २०१८पासून आवाजासकट आपोआप वाजण्यावर बंधनं आणली आहेत. त्याच टॅगमध्ये प्रीलोडला (प्ले दाबण्याआधी किती उतरवायचं ते) ‘मेटाडेटा’ द्या, म्हणजे फक्त लांबी वगैरे माहिती येते, न बघणाऱ्याचा डेटा उगाच जळायला नको. आणि कृपा करून सबटायटलची वेबव्हीटीटी फाइल जोडा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तिच्याशिवाय तुमचा व्हिडिओ नुसता हलणारा फोटो आहे.