स्मरणिकेतील संख्या: अंकात की अक्षरात?

फोंड्याहून एका वाचकाने विचारले आहे की, देवस्थानाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आलेल्या लेखांत ‘पन्नासावे वर्ष’, ‘५० वे वर्ष’ आणि ‘५०वे वर्ष’ अशी तिन्ही रूपे आढळतात. त्यांतले कोणते ठेवावे, आणि एकंदरीत संख्या अंकात लिहाव्यात की अक्षरात?

लेखाच्या ओघात ‘पन्नासावे’ आणि मुखपृष्ठावर किंवा मथळ्यात ‘५०वे’ ठेवावे. ‘५० वे’ मात्र टाळावे, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहिला जातो आणि तो सुटा ठेवला की छपाईत ‘५०’ एका ओळीच्या शेवटी व ‘वे’ पुढच्या ओळीच्या आरंभी जाऊन पडते. म्हणूनच ‘१९६१मध्ये’ हे जोडून, पण ‘१९६१ साली’ हे सोडून, कारण साल हा स्वतंत्र शब्द आहे. पहिल्या चार क्रमवाचकांना तर अंक मुळीच लावू नयेत. ‘२ऱ्या’, ‘४थ्या’ ही रूपे डोळ्यांना खुपतात, ‘दुसऱ्या’, ‘चौथ्या’ सहज वाचली जातात.

दिनांक, रक्कम, क्षेत्रफळ, लोकसंख्या यांसारखी पडताळून पाहण्याजोगी माहिती अंकात द्यावी: १९ डिसेंबर १९६१, ३,७०२ चौ. किमी. अंदाज मात्र अक्षरांतच शोभतो. ‘१०-१२ स्वयंसेवक’ असे लिहिले की मोजणीचा भास होतो, आणि ‘१०-१२ जानेवारी’ म्हणजे तर नेमके तीन दिवस. ‘दहाबारा स्वयंसेवक’ म्हटल्यावर कोणी हजेरीपट मागत नाही. तसेच ‘२.५ तास’ नव्हे, ‘अडीच तास’. दीड, अडीच, पावणेदोन, साडेबाराशे ही मराठीची स्वतःची संपत्ती आहे आणि औपचारिक लेखनात ती वापरण्यास काहीही हरकत नाही. वाक्याचा आरंभ अंकाने करू नये.

देवनागरी अंक की आंतरराष्ट्रीय, हा प्रश्नही गोव्यात नेहमी निघतो. संविधानाच्या ३४३व्या अनुच्छेदाने आंतरराष्ट्रीय रूप ठरवले आहे ते संघराज्याच्या शासकीय कामापुरते. स्मरणिकेला ते बंधन नाही. मराठी पुस्तकात देवनागरीच अंक असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि एकाच लेखात दोहोंची सरमिसळ तर कदापि नको.

देवस्थानाच्या जमिनीची माहिती जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांवरून घेणार असाल, तर विरामचिन्हांकडे विशेष लक्ष द्यावे. पोर्तुगीज पद्धतीत हजारांनंतर टिंब आणि दशांशापूर्वी स्वल्पविराम येतो, तेथील ‘१.२५०,५०’ म्हणजे आपले १,२५०.५०. ते टिंब तसेच उतरवले, तर साडेबाराशे चौरस मीटरांची जागा मराठी पानावर सव्वा मीटराची होऊन बसेल.