इन्सुलिन घेतल्यावर वडिलांच्या पोटावर गाठी येतात, मधूनच घाम सुटून हात थरथरतात. ही रिअॅक्शन आहे का?

अॅलर्जी वाटत नाही. तिच्यात टोचलेली जागा लाल होते, खाजते, सुजते. अंगभर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर मात्र लगेच १०८.

न दुखणारी, रबरासारखी गाठ म्हणजे बहुधा कातडीखाली वाढलेली चरबी. इन्सुलिनमुळे चरबीच्या पेशी वाढतात. रोज त्याच बोटभर जागेत टोचलं आणि एकच सुई पुन्हा पुन्हा वापरली की गाठ धरते. तिथे दुखत कमी असल्यामुळे माणूस परत तिथेच टोचतो, ही खरी अडचण. गाठीतून इन्सुलिन कधी रेंगाळत तर कधी भसकन रक्तात उतरतं. साखर चढलेली दिसली की डोस वाढवला जातो, आणि तोच डोस एखाद्या दिवशी चांगल्या जागी पडला की साखर घसरते. घाम, थरथर याचीच असावी. त्या वेळी ग्लुकोमीटरवर बघा.

म्हणून गाठीची जागा सोडा, पण जुन्याच डोसवर नाही. डोस किती कमी करायचा ते आधी डॉक्टरांना विचारा. नंतर काही दिवस साखर जास्त वेळा तपासा, रात्रीसुद्धा. रोज आधीच्या टोचणीपासून बोटभर सरकायचं, बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडायची. पेन असेल तर दर वेळी नवी ४ मिमीची सुई, आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतोय का पाहणं, सरळ टोचून बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजणं. मुळातच गढूळ, दुधाळ असणारं इन्सुलिन तळहातांत फिरवून आणि उलटंसुलटं करून एकसारखं करा, जोरात हलवू नका.

बाटली-सिरिंज वापरत असाल तर आज आधी हे तपासा: दर मिलीला ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो!

साखर ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साखर उशिरा लागू पडते. ग्लुकोज पावडरच हवी. वडील शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा.

गाठीला शेक, मालीश नको. टोचणं थांबलं की बऱ्याचदा ती काही महिन्यांत आपोआप बसते.