कांद्यावर पीएचडी होते का हो ताई?

या वेळी संशोधनावरचे बरेच प्रश्न आले, त्यातले तीन घेतलेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीये कारण तसाच प्रश्न बाकी चारपाच जणांनी पण विचारलाय.

प्रश्न : ताई, माझं राज्यशास्त्रात एमए झालंय, पुणे विद्यापीठातूनच. आता आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएचडी करायचीये. मी विषय काढला 'भारत-चीन संबंध : २०१४ ते २०२४'. ज्या मॅडमना दाखवला त्या म्हणाल्या हा विषय नाहीये, हे धड्याचं नाव झालं. मैत्रिणी म्हणतात परराष्ट्र धोरण करायचं तर दिल्लीलाच जा, पुण्यात बसून काय होणारे. घरी कांद्याचा व्यवहार आहे, तर आई चिडवते, मग कांद्यावरच कर की पीएचडी! काय करू?
— सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी एक

उत्तर : अगं, आईने चिडवायला म्हटलं असेल पण मुद्द्याचं बोलल्यात त्या.

आधी मॅडमचं ऐक. तुझ्या विषयात देश आहेत, वर्षं आहेत, पण प्रश्नच नाहीये. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे कागद. गलवानच्या भारत-चीन झटापटीनंतर साउथ ब्लॉकमध्ये, म्हणजे दिल्लीत परराष्ट्र खात्यात, काय चर्चा झाली त्या फायली तुला कोण दाखवणार? आपल्याकडे सरकारी कागद साधारण २५ वर्षांनी अभिलेखागारात जायची सोय कायद्यात आहे, तीही परराष्ट्र खात्याच्या बाबतीत रडतखडत. माहिती अधिकार टाकलास तर कलम ८(१)(क) दाखवतील, परदेशाशी संबंध बिघडतील म्हणून माहिती देता येत नाही. मग उरतं काय, तर पेपरची कात्रणं आणि दुसऱ्यांची पुस्तकं, आणि त्याचे चारशे पानं करून असे ढिगाने प्रबंध शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) पडलेत, एकदा स्वतः चाळून बघ म्हणजे कळेल मी का ओरडतेय.

म्हणून मी मुलांना उलटं सांगते, आधी बघ तुझ्या हाताला कुठला पुरावा लागतो जो दुसऱ्याला सहज लागणार नाही, मग प्रश्न ठरव.

आता कांदा घे. ७ डिसेंबर २०२३ ला डीजीएफटीने (केंद्राचं परदेशी व्यापाराचं खातं) नोटिफिकेशन काढून निर्यात बंद केली, ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून, मग ती पुढे ढकलली, आणि ४ मे ला उठवली तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक-दिंडोरीचं मतदान होतं २० मे ला! दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. इथपर्यंत सगळ्यांना माहितीये. पण मधल्या काळात बंदी असतानाच बांगलादेश, यूएई, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मोजून ९९,१५० टन कांदा द्यायची परवानगी सरकारने दिली होती, तीही एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत, सरकार ते सरकार. आता प्रश्न बघ कसा उभा राहतो : घरातला भाव पाडून ठेवायला दार बंद केलं, तर कुठल्या मित्राला खिडकीतून किती द्यायचं हे कशावरून ठरलं? मैत्री, त्या देशातली टंचाई, की आणखी काही? २०१९ ला पण अशीच बंदी आली होती, तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन भर सभेत हसत हसत म्हणाल्या होत्या की मी आचाऱ्याला सांगितलंय कांदा घालू नको. लोक हसले, पण ते राजनैतिक गाऱ्हाणंच होतं.

याला थिअरी पण आहे, रॉबर्ट पुटनम यांचा १९८८ चा 'टू लेव्हल गेम'वरचा लेख वाच, नेता एकाच वेळी बाहेरच्या टेबलावर आणि घरच्या टेबलावर कसा खेळतो ते. फक्त कृपा करून पहिली शंभर पानं थिअरी आणि मग कांदा असं करू नको, परीक्षक झोपतात.

आणि पुरावा बघ. डीजीएफटीची नोटिफिकेशनं ऑनलाइन, लोकसभेतले प्रश्न आणि उत्तरं ऑनलाइन, महिन्याचे निर्यातीचे आकडे मिळतात, बाजार समितीचे भाव मिळतात, ढाक्याचे इंग्रजी पेपर वाचता येतात. आणि लासलगाव-पिंपळगावचे व्यापारी तुझ्याशी मराठीत मोकळं बोलतील, तुझ्या बाबांच्या ओळखीने, ते दिल्लीहून आलेल्या पोराशी बोलणारेत का? (बाबा ओळखीचे म्हणून ते सांगतील ते सगळं खरंच असं मात्र नाही हां, ते आकड्यांशी ताडून बघायचं, आणि घरचा व्यवहार आहे हे प्रबंधात स्पष्ट लिहायचं.)

चीन सुटतच नसेल मनातून तर तळेगावला जा! जनरल मोटर्सचा कारखाना चीनची ग्रेट वॉल मोटर घेणार होती. एप्रिल २०२० ला केंद्राने प्रेस नोट ३ काढली, शेजारी देशातल्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी लागेल म्हणून. तरी १५ जून २०२० ला महाराष्ट्र सरकारने त्यांच्याबरोबर ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला, आणि त्याच रात्री गलवान झालं. परवानगी काही आली नाही, २०२२ ला व्यवहार बारगळला, पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला. राज्य सरकार परदेशी कंपनीशी कुठपर्यंत जाऊ शकतं आणि केंद्र कुठे हात धरतं, हा प्रश्न लोणावळा लोकलने जाऊन सोडवण्यासारखाय. कामगार, पुरवठादार, एमआयडीसीतले लोक, सगळे आहेत तिथे.

दिल्लीला जायला माझी ना नाहीये, जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज जुनं आणि मोठंय, पण गोखले इन्स्टिट्यूटची धनंजयराव गाडगीळ लायब्ररी आधी बघून तरी ये. प्रवेशाचं थोडक्यात : जून २०२४ पासून नेट या यूजीसीच्या परीक्षेचे मार्क पीएचडी प्रवेशाला पण धरतात, ७० टक्के ते आणि ३० टक्के मुलाखत. त्यातली जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० सुरुवातीला. नाही मिळाली तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी कुठल्या संस्थेची शिष्यवृत्ती तुला लागू होते ते बघ, जाहिरात कधी येईल त्याचा भरवसा नसतो म्हणून कागदपत्रं तयार ठेव.

प्रश्न : मॅडम, आमच्या ग्रुपवर रोज मेसेज येतो, १,५०० रुपयात ३ दिवसात पेपर छापून मिळेल, सर्टिफिकेटसह. सगळे करतायत. यूजीसीची ती चांगल्या नियतकालिकांची केअर लिस्ट बंद झाली म्हणतात तर आता चालेल ना?
— हडपसर

उत्तर : नाही चालणार. ३ दिवसात तुमचा पेपर वाचला कोणी आणि कधी? यूजीसीने केअर लिस्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली हे खरंय (त्या लिस्टचं काम आपल्याच विद्यापीठातून चालायचं), पण त्याचा अर्थ पारखायची जबाबदारी आता विद्यापीठांवर आणि तुमच्यावर आली. आणि २०२२ च्या नियमांत यूजीसीने प्रबंधाआधी पेपर छापायची सक्तीच काढलीये, तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवलीये का ते एकदा विचारून घ्या. साधी खूण सांगते, तुमच्या संदर्भसूचीतली माणसं ज्या नियतकालिकात लिहितात तिथे पाठवा. नाकारलं तरी चार ओळी शेरा येतो, तो १,५०० पेक्षा महाग असतो.

प्रश्न : नमस्कार. मी ६८ वर्षांचा, निवृत्त. वडील १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पुण्याहून गेले होते, त्यांची वही माझ्याकडे आहे. गोव्याच्या प्रश्नावर जगात काय चाललं होतं ते मला नीट शोधायचंय. पीएचडी करावी लागेल का? या वयात?
— खडकी

उत्तर : काका, अजिबात नाही. पीएचडीला सहा महिन्याचे रिपोर्ट, फॉर्म, फी, कशाला मागे लावून घेताय. अभिलेखागारात जायला डिग्री लागत नाही, ओळखपत्र आणि अर्ज लागतो. आणि तुमचा विषय पुण्याचाच, गोवा विमोचन सहायक समिती इथलीच, केशवराव जेधे, जयंतराव टिळक त्यात होते, ना. ग. गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन गेले होते. त्यामुळे पहिलं केसरीवाड्यात जुने अंक बघा. मग घरबसल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टल, लोकसभेची जुनी भाषणं, आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने छापलेले जुने कागद, ते फुकट वाचायला मिळतात, नेहरूंबद्दल वॉशिंग्टनमध्ये काय चिडचिड होती ते त्यात मस्त दिसतं. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव आला, बाजूने ७, विरोधात ४, आणि सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला, त्या बैठकीचा शब्दशः वृत्तांत संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत आहे. पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार, त्याचे कागद लिस्बनला आहेत, पोर्तुगीज येत असेल तर बघा, नाहीतर पणजीपर्यंत जा, तिथेही बरंच आहे.

आणि ती वही, काका, लॅमिनेट करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, कागद खराब होतो. चांगल्या उजेडात पान पान स्कॅन करून घ्या आणि मूळ वही सुती कापडात ठेवा. स्कॅनची एक प्रत मलाही पाठवा, वाचायला आवडेल.