उपसागराच्या गोड्या पाण्याचा हिशेब: आधी चिन्ह तपासा, मग भीमेकडे वळा

सोलापुरात बसून बंगालच्या उपसागराचा प्रकल्प करताय, पाऊस वजा बाष्पीभवन वर्षाला तीन मीटर येतंय आणि त्यात भीमेचं पाणी कसं मिळवायचं, असं विचारलंय. तीन मीटर म्हटल्यावर दुखणं कुठं आहे ते कळलं.

ईआरए-५ ची (निरीक्षणं आणि मॉडेल एकत्र करून बनवलेल्या जागतिक हवामान-नोंदींची) फाइल वापरलीत ना? तिच्यात खाली येणारा प्रवाह धन आणि वर जाणारा ऋण असतो. बाष्पीभवनाला उणे चिन्ह आधीच लागलेलं असतं. ते पुन्हा वजा केलं की बेरीज होते. पाऊस आणि बाष्पीभवन हे दोन्ही रकाने सरळ मिळवा. मासिक सरासरीत एकक नुसतं ‘मीटर’ दिसतं, पण तो एका दिवसाचा आकडा असतो. महिन्याच्या दिवसांनी गुणा, मग हजारानं, म्हणजे मिलिमीटर येतील. नकाशाच्या जाळीतले जमिनीचे चौकोन वगळा आणि सरासरीला अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्या.

उपसागराला हात लावण्याआधी हीच रीत अख्ख्या महासागरावर चालवून बघा. वर्षाला सुमारे ४,१३,००० घन किमी वाफ होते, ३,७३,००० पाऊस म्हणून समुद्रावरच परत पडतं आणि उरलेलं ४०,००० नद्या भरून काढतात. खोलीत सांगायचं तर पाऊस आणि ऋण चिन्हाचं बाष्पीभवन यांची बेरीज -११ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. दोन मीटरच्या वर गेलं तर चिन्हच चुकलंय. तंतोतंत जुळणार नाही, कारण ईआरए-५ चे आकडे मॉडेलचे आहेत. उपसागरात मात्र उत्तर धनच यायला हवं. तिथं पाऊस वाफेपेक्षा जास्त आहे.

आता भीमा. एक सरकारी कार्यालय आहे, नाव घेत नाही. तिथं विसर्ग (नदीतून दर सेकंदाला वाहणारं पाणी) मागितला की आधी कॉलेजचं पत्र, मग ‘प्रयोजन स्पष्ट करा’, आणि शेवटी हातात पडते ती पाणीपातळी! पातळी आणि विसर्ग यांचा तक्ता नसेल तर त्या कागदाचा उपयोग शून्य. अर्जात ‘दैनिक विसर्ग, घनमीटर प्रतिसेकंद’ असंच लिहा आणि पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद) आणि क्युमेक (घनमीटर प्रतिसेकंद) यांच्यात ३५ पटींचा फरक आहे. वरचं शीर्षक न वाचता आकडे उतरवणारे पुष्कळ.

खरं तर माझ्या मते ही धडपडच नको. उजनी पूर्ण भरलं तर ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे ३.३ घन किमी. उपसागर साधारण २२ लाख चौरस किमी धरला तर त्यावर हा थर जेमतेम दीड मिलिमीटरचा. शिवाय भीमा कृष्णेला मिळते आणि पुढं श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं आहेतच. पंढरपूरच्या पुराचा आकडा समुद्रात मांडू नका, विजयवाड्याच्या खालचा घ्या. उपसागर गोडा करतात त्या गंगा-ब्रह्मपुत्रा आणि इरावती.

हा हिशेब समुद्राच्या क्षारतेशी (एक किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ) ताडून बघायचा असेल तर गोडं पाणी ज्यात मिसळतं त्या वरच्या थराची जाडी विसरू नका. ३० मीटरच्या थरात ३०० मिलिमीटर गोडं पाणी मिसळलं तर ३४ ची क्षारता साधारण ०.३४ नं उतरते. हा ढोबळ हिशेब. प्रवाहानं वाहून गेलेलं पाणी त्यात नाही. पावसाळा सरला की हे गोडं पाणी पूर्व किनाऱ्यालगत दक्षिणेला सरकतं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आंध्र-तमिळनाडूपुढं ताळा हमखास बिघडतो. आणि क्षारता मोजणाऱ्या उपग्रहाला पृष्ठभागाचा सेंटिमीटरभर थरच दिसतो. किनाऱ्याजवळ तर जमिनीचा प्रभाव मिसळतो, तिथले चौकोन सरळ गाळा.