कोंबड्यांचं खाद्य ठेवायचं तरी कुठं? – परसातल्या कोंबड्या, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं गाव पाटण तालुक्यात. घरामागं 11 कोंबड्या आहेत, त्यातल्या 3 तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरण्या कोंबड्या) महिन्याभरापूर्वीच बाजारातनं आणल्यात. फूटभर रुंदीचा गोल फीडर (खाद्याचं भांडं) आहे, पावसात भिजू नये म्हणून खुराड्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलाय. पण नवीन तिघी वाळत चालल्यात आणि रात्री उंदीर येऊन खाद्य फस्त करतात. जंताचं औषध दिलं, फरक नाही. फीडर कुठं ठेवावा? – एक ताई

उत्तर : ताई, दुसरं औषध आणायच्या आधी तो फीडर कोपऱ्यातनं बाहेर काढा, माझा सगळा संशय त्या कोपऱ्यावरच आहे. हिशोब बघा ना, फूटभर रुंद फीडरचा घेर साधारण 95 सेंमी भरतो आणि मोठ्या कोंबडीला खायला निदान 10 सेंमी जागा लागते, म्हणजे मोकळ्यावर ठेवला तर 9 जणी कशाबशा बसतील, पण तुमच्या दोन बाजू भिंतीला लागल्यात म्हणजे निम्मा घेर गेला, राहिल्या चार-पाच जणी. आणि त्या चार-पाच जणी कोण, तर जुन्या. नवीन तलंग तिथं गेली की डोक्यावर टोच बसते आणि कोपऱ्यात पळायला दुसरी वाट नाही, त्यामुळं ती पुन्हा त्या बाजूला फिरकतच नाही.

एक काम करा, सकाळी खाद्य घातल्यावर चहाचा कप घेऊन पंधरा मिनिटं ओट्यावर नुसतं बसा. जुन्या कोंबड्यांकडं बघू नका, त्यांचं व्यवस्थित चाललेलं असतं. सगळ्यात शेवटी येणारी, मान लांब करून एक दाणा उचलून मागं सरणारी कोण आहे ती बघा, आणि फीडरची जागा तिच्या सोयीनं ठरवा. तिला दोन बाजूंनी येता-जाता आलं पाहिजे. शिवाय दुसरं एक भांडं ठेवाच, साधी घमेली चालेल, पण पहिल्याच्या शेजारी नको, गोठ्याच्या भिंतीमागं वगैरे, जिथनं पहिलं भांडं दिसत नाही अशा जागी. शेजारी ठेवलं तर एकच दांडगी कोंबडी दोन्हीवर पहारा देते, हे मी लई वेळा बघितलंय.

आता पाऊस. तुमच्याकडं जुलैत तो सरळ कुठं पडतो, वारं नैऋत्येकडनं येतं आणि पाऊस तिरका घुसतो. म्हणून घराच्या पूर्वेकडच्या अंगाला, पडवीत टांगा, पण पत्र्याच्या पागोळ्या पडतात तिथनं चांगलं दोन हात आत, कारण वरनं नाही भिजलं तरी पागोळीचे शिंतोडे उडून कडेचं मॅश (भरडलेलं खाद्य) भिजतंच. भिजलेल्या खाद्याचा गोळा झाला, आंबूस वास आला की टाकून द्या, उन्हात वाळवून परत घालायचं नाही. बुरशीचं विष (अफ्लाटॉक्सिन) वाळवून जात नाही, ते कोंबडीच्या लिव्हरवर बसतं.

वाशाला सुतळीनं बांधून असा लटकवा की फीडरची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल. खाली असला तर पाय घालून उकरतात आणि निम्मं खाद्य मातीत, आणि काठोकाठ भरायचा नाही, अर्ध्याच्या आतच बरा. तुमच्याकडं दोन साइजच्या कोंबड्या असतील तर टांगलेला मोठ्यांच्या मापानं आणि घमेली लहानांसाठी विटेवर. राखेत-मातीत लोळायची त्यांची जागा असते तिच्याजवळ नको, धूळ बसते. आणि रात्री कोंबड्या बसतात त्या दांडीखाली तर अजिबात नको! पहिल्या वर्षी मी हाच शहाणपणा केला होता, खुराड्यात मधोमध दांडीखाली फीडर टांगला आणि सकाळी बघतो तर खाद्यावर विष्ठेचा थर, रक्ती हगवणीचं निमंत्रणच म्हणा की.

उंदरांचं काय, तर दिवस मावळला की फीडर काढून घरात, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात खाद्य. कोंबड्या रात्री खात नाहीत, त्यामुळं उपाशी राहतील ही भीती नको. अंडी देणाऱ्या एका कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम लागतं, म्हणजे 11 जणींना सव्वा किलोच्या आसपास, तुमच्या मोकळ्या फिरत असतील तर त्याहून कमी. तेवढंच सकाळ-संध्याकाळ दोनदा विभागून घाला, रात्रीसाठी उरवूच नका.

प्रश्न : जत तालुक्यात राहतो. पाण्याचं भांडं आणि खाद्य शेजारी शेजारी ठेवलंय, पण पाण्यात रोज भरड्याचा काला होतो. उन्हाळ्यात दुपारी तर खाद्याला तोंडच लावत नाहीत.

उत्तर : दादा, चोचीला लागलेला भरडा तसाच पाण्यात जातो म्हणून काला. दोन्हीमध्ये सात-आठ पावलं ठेवा, त्याहून फार लांब नको. उन्हात कोंबडी खाण्यापेक्षा पाण्याकडं पळते, एरवीसुद्धा ती खाद्याच्या वजनाच्या दुप्पट पाणी पिते आणि जतच्या उन्हात त्याहूनही जास्त. त्यामुळं सावलीची चांगली जागा पाण्याला आधी द्या, आणि सकाळी 9 ची सावली बघून जागा ठरवू नका, दुपारी 2 ला लिंबाची सावली कुठं सरकते ते बघा. खाद्य पहाटे आणि उन्हं कलल्यावर घाला, दुपारी ते नाहीच खाणार.

प्रश्न : अंडी उबवायला खुडूक बसवलेल्या कोंबडीखाली 9 पिल्लं निघालीत. मोठ्या कोंबड्या पिल्लांचं खाद्य खाऊन टाकतात. (तासगाव)

उत्तर : डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) आहे ना घरात? ते पालथं घालून खाली चारी बाजूंनी विटा लावा, पिल्लू आत शिरेल आणि मोठी बाहेरच अडेल एवढीच फट ठेवायची. आत चिक स्टार्टर (पिल्लांचं खाद्य) आणि उथळ ताटलीत पाणी, ताटलीत दोन-चार खडे टाका म्हणजे पिल्लू बुडत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, म्हणजे लेयर मॅश, पिल्लांना घालू नका, त्यातलं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही. डालगं पिल्लांच्या आईच्या नेहमीच्या बसायच्या जागेजवळ ठेवा, ती बाहेर बसून कुकू करत राहते आणि पिल्लं बिनधास्त आत-बाहेर करतात. दर चार दिवसांनी विटा वाइच उचलाव्या लागतील, पिल्लं भराभर वाढतात.