वरून ठरलं की खाली नुसतं कळतं

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये मास्टर्स करतेय आणि आमच्या स्टुडंट्स युनियनच्या कौन्सिलवर निवडून आलेय. आमच्याकडे सध्या वाद चाललाय की नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्समध्ये म्हणजे एनयूएसमध्ये राहायचं की बाहेर पडायचं. बाहेर पडा म्हणणारे म्हणतात की 2019 मध्ये वरच्या लोकांनी सगळी रचनाच बदलून टाकली, निवडून येणारी पदं कमी केली, मग आपण फी भरायची कशाला. मला त्यांचा राग पटतो पण बाहेर पडणं पटत नाही. त्यात घरचे म्हणतात शिकायला गेलीयेस, पुढारपण कशाला करतेस. मी काय भूमिका घेऊ?

उत्तर : घरच्यांचं आधी सांगते. त्यांना फोनवर एवढंच सांग की मुलांनी मला मतं देऊन बसवलंय, ते काम अर्धवट टाकून कसं चालेल. साताऱ्याच्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या कौन्सिलमध्ये हा वाद घालणारे बरेच जण 2019 ला शाळेत असतील, त्यामुळे तेव्हा नेमकं काय झालं ते नीट माहीत असू दे. एनयूएस 1922 सालची संस्था, पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेली, वेगवेगळ्या कॉलेज-विद्यापीठांच्या युनियन तिच्या सभासद. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये एकदम बातमी आली की संस्थेला तब्बल 30 लाख पौंडांची तूट येऊ शकते. मग काटकसर, कर्मचारी कपात, आणि त्याच्याच जोडीने रचना बदलायचा प्रस्ताव, आणि 2019 च्या एप्रिलमध्ये ग्लासगोच्या राष्ट्रीय अधिवेशनात तो मंजूरसुद्धा झाला. म्हणजे तूट कळली तेव्हापासून मोजलं तर पाच महिने. त्यात मधे नाताळची सुट्टी, परीक्षा. कॅम्पसवरच्या साध्या मुलाला प्रस्ताव वाचून, त्यावर चार लोकांशी बोलून, आपल्या प्रतिनिधीला सांगायला किती दिवस मिळाले असतील याचा हिशोब तूच कर.

झालं काय, तर आधी वीसएक पूर्णवेळ पदाधिकारी होते, त्यात महिला, कृष्णवर्णीय, अपंग, एलजीबीटी, ट्रान्स अशा विद्यार्थ्यांचे वेगळे, त्यांनीच निवडलेले प्रतिनिधी. बदलांनंतर 2020 ला जी टीम आली तिच्यात यूके पातळीवर अध्यक्ष आणि तीन उपाध्यक्ष, एक उच्च शिक्षणाचा, एक कॉलेजांकडच्या (तिकडे म्हणजे विद्यापीठाच्या खालच्या पातळीवरच्या) शिक्षणाचा आणि एक ‘मुक्ती आणि समता’ या नावाचा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे अध्यक्ष वेगळे. म्हणजे आधी जे प्रश्न चार-पाच माणसं घेऊन भांडायची ते सगळे एका उपाध्यक्षाच्या टेबलावर. आणि तू बाहेरून तिथे शिकायला गेलेली, व्हिसा, भाडं, जास्तीची फी, हे तुझे प्रश्न या चारातल्या नेमक्या कोणाकडे जाणार? शिवाय संस्थेचे दोन भाग झाले, एक आंदोलनं आणि प्रतिनिधित्वाचा, दुसरा युनियनांना सेवा देणारा चॅरिटीचा.

माझं स्पष्ट मत आहे की पैशाचा खड्डा खरा होता, तो कोणी बनवून सांगितलेला नव्हता, आणि ज्याने पगार द्यायचेत त्याची झोप उडणारच. तेव्हा ‘बदलच नको’ म्हणत जो उभा राहील तो पहिल्याच फेरीत हरेल, कारण समोरचा ताळेबंद काढून दाखवेल. पण खड्डा बुजवायचाय म्हणून कोणती खुर्ची काढायची हे कोण ठरवणार? माझा विरोध तिथे आहे. ज्याची खुर्ची जाणार त्याला आधी विचारायला पाहिजे, आणि दुसरे पर्याय आकड्यांसकट त्याच्यापुढे ठेवायला पाहिजेत. ‘हे मंजूर करा नाहीतर संस्था बुडेल’ असं सांगून घेतलेलं मत मी मत मानत नाही, मग नियमात ते कितीही बसू दे.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितेय तर मी दुसरी बाजू भोगलीये. आमच्या वेळी महाराष्ट्रात 1994 चा विद्यापीठ कायदा होता, निवडणुका बंद, वर्गात ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो विद्यार्थी मंडळावर. मला मार्क पडले आणि मी प्रतिनिधी झाले. शिपाई वर्गात येऊन चिठ्ठी देऊन गेला, ऑफिसात गेले, हेडक्लार्कनी रजिस्टर पुढे सरकवलं, माझ्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, तिथे सही कर म्हणाले, केली. वर्षभरात दोन मीटिंगा झाल्या, एक गॅदरिंगची आणि एक गॅदरिंगच्या खर्चाची. लेडीज रूमच्या नळाला तीन महिने पाणी नव्हतं आणि वर्गातली एकही मुलगी मला येऊन म्हणाली नाही की तू हे मांड. का म्हणेल? तिने मला बसवलंच नव्हतं. आणि मलाही मांडायची हिंमत झाली नाही, कारण ज्यांनी बसवलं त्यांच्याच केबिनमध्ये मीटिंग. त्या नळाची मला अजून लाज वाटते.

म्हणून तुला सांगते, बाहेर पडू नकोस, निदान लगेच नको. 2016 मध्ये न्यूकॅसल, हल, लफबरो इथल्या युनियन बाहेर पडल्या होत्या, तेव्हाचं कारण वेगळं होतं, आणि त्याच सुमारास ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मुलांनी मतदान करून राहायचं ठरवलं. जे बाहेर गेले त्यांचा राग खोटा नव्हता पण बाहेर गेल्यावर अधिवेशनातलं मत गेलं, आणि रचना परत बदलायची असेल तर ती त्याच हॉलमध्ये, हात वर करूनच बदलणार ना.

आता तुझ्या हातात काय आहे. तिकडे 1994 चाच एक एज्युकेशन अ‍ॅक्ट आहे (आपल्याकडचा तो कायदा पण 1994 चा, योगायोग बघ), त्याचं कलम 22 उघड. युनियनला लेखी घटना हवी आणि जास्तीत जास्त दर पाच वर्षांनी तिचा आढावा घ्यायलाच हवा. बाहेरच्या कोणत्या संस्थांशी संलग्न आहोत आणि त्यांना किती पैसे दिले हे दरवर्षी जाहीर करायला हवं, आणि त्या संस्थांची यादी दरवर्षी सभासदांपुढे मंजुरीला ठेवायला हवी. आणि एखाद्या संलग्नतेवर सगळ्या सभासदांचं मतदान घ्या अशी मागणी विद्यार्थी करू शकतात, त्यासाठी किती सह्या हव्यात हे विद्यापीठाचं नियामक मंडळ ठरवतं पण 5 टक्क्यांच्या वर अट घालता येत नाही. हे बाहेर पडा म्हणणाऱ्यांचं हत्यार आहे असं सगळ्यांना वाटतं, पण ती वार्षिक यादी तुझ्यापण कामाची आहे. ती ज्या मीटिंगला येईल त्या दिवशी नुसतं हो-नाही करू नकोस, ठराव मांड की आम्ही राहतोय, पण आमचा प्रतिनिधी अधिवेशनात अमुक तीन गोष्टी मागेल, आणि त्या तीन गोष्टी आधी कॅम्पसवर फिरून मुलांकडून घे. रचनेला हात लावणारा कुठलाही प्रस्ताव किती दिवस आधी खाली यायला हवा, हे त्यात एक असू दे. आर्थिक कागद प्रस्तावाबरोबरच यायला हवेत, हे दुसरं. तिसरं तुझ्या मुलांना ठरवू दे.

आणि दुरुस्त्या द्यायची शेवटची तारीख आजच डायरीत लिही, कारण अशा संस्थांत अर्धी भांडणं त्या तारखेआधीच संपलेली असतात आणि आपण अधिवेशनात पोचून भाषण करतो, टाळ्या मिळतात, होत काहीच नाही. प्रस्ताव गठ्ठ्याने आला तर तो तुकड्या-तुकड्याने मताला घ्या अशी मागणी कर. काटकसरीला हो आणि पदं काढायला नाही, असं मत द्यायची सोय हवी.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांशी तोडू नकोस हं. ते चिडलेत म्हणजे त्यांना अजून पडलेली आहे, सह्या गोळा करायला तेच लोक लागतात.

प्रश्न : आपल्या देशात असं सगळ्या विद्यार्थ्यांनी निवडलेलं राष्ट्रीय मंडळ का नाही? आम्ही मागणी करू शकतो का? (बी.ए. दुसरं वर्ष, नांदेड)

उत्तर : अरे, आपल्याकडे अभाविप, एनएसयूआय, एसएफआय आहेत पण त्या संघटना, तिथे सभासद व्हायचं असतं, देशभरच्या कॉलेजांतून निवडून आलेल्यांचं मंडळ त्या नव्हेत. आणि राष्ट्रीय मंडळ मागायच्या आधी तुझ्या कॉलेजात मतपेटी आहे का ते बघ. 2006 मध्ये लिंगडोह समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टाने लागू करायला सांगितल्या, त्यात निवडणूक घ्यायची कशी ते सगळं आहे, पदवीच्या उमेदवाराचं वय 17 ते 22, खर्च 5000 रुपयांच्या आत. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात, म्हणजे 1 मार्च 2017 पासून लागू झालेल्या, विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका आहेत, कलम 99. 2019 ला वेळापत्रकसुद्धा लागलं होतं, विधानसभेच्या तोंडावर ते पुढे ढकललं, मग कोविड आला. कलम कागदावर तसंच आहे. तू वर्गातल्या पाच जणांना घे, त्यातलं निवडणुकीचं कलम साध्या मराठीत एका पानावर लिहा, आणि प्राचार्यांना लेखी विचारा की आपल्या कॉलेजात याचं पुढे काय. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर यायचं नाही.